हब लॉक होते म्हणून

माझ्या भाऊजींचा अपमान मी ठरवून केला. रागाच्या भरात नाही आणि चुकूनही नाही. जवळजवळ वर्षभर वाट पाहिली, नीट हवामान पाहिलं आणि मग केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझी दया आली तर ती फुकट जायची नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ग्वाल्हेरात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून दरबाराचं दप्तर सांभाळायला आले, आमचे फौजेबरोबर आले. ते लोक अजून कागदावर बोट ठेवून बोलतात आणि आम्ही अजून गाड्या हाकतो. ताईनं स्वतःच्या पसंतीनं हे लग्न केलं तेव्हा आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, कोण आनंद झाला! आबा फौजेत ड्रायव्हर होते, शिक्षण आठवीपर्यंत. ‘प्रोफेसर’ जावई शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन चहा पितो, हेच त्यांना खरं वाटत नसे. भाऊजी प्रोफेसर नाहीत. पण आबांना ते सांगायचं कोणी?

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान पत्रिकेत बसून छळतात, हा खुर्चीत बसून छळतो आणि त्याला वर विचारावं लागतं, अजून एक पोळी वाढू का? आई होती तोवर ती विचारायची. ती गेल्यावर आबा स्वतः वाढायला उठायचे, गुडघे धरून. आमच्या घरात जावयाला उलट बोलायचं नाही, त्याचं चुकलं तरी चुकलं म्हणायचं नाही. मी बेचाळीस वर्षांचा झालो तरी हा नियम माझ्यासाठी सैल झाला नव्हता.

आता जीप. आबांनी निवृत्त झाल्यावर फौजेच्या लिलावातून ती घेतली. चारही चाकांना ताकद देणारी, जुनी, बिनटपाची. या जातीच्या गाडीत चारही चाकं कामाला लावायची तर दोन गोष्टी कराव्या लागतात. एक आत बसून: गिअरशेजारचा छोटा लिव्हर ‘टू’वरून ‘फोर’मध्ये टाकायचा. दुसरी खाली उतरून: पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एक चकती असते, तिला हब म्हणतात. ती हातानं ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवायची. हब फ्री असला की पुढचं चाक नुसतं गडगडत जातं, इंजिनाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. लॉक केला की चाकाची आणि एक्सलची गाठ पडते. या दोनपैकी एक गोष्ट राहिली तर गाडी चिखलात इतर कुठल्याही गाडीसारखीच असहाय असते.

हब नुसते लॉक करून ठेवले आणि आतला लिव्हर ‘टू’वरच राहू दिला, तर काही बिघडत नाही. स्टिअरिंग थोडं जड लागतं, पुढून बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, बस. बिघडतं ते कोरड्या डांबरावर लिव्हर ‘फोर’मध्ये टाकून गाडी पळवली तर. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि मागची कमी. चिखलात चाकं घसरून तो फरक आपोआप जिरवतात. डांबर घसरू देत नाही, मग सगळा पीळ आतल्या गिअरच्या दात्यांवर येतो. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल. भाऊजींना ते समजलं नाही, म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

आबांचा नियम होता: दिवाळीच्या पणत्या उचलल्या की हब लॉक, होळी पेटली की फ्री. कारण आमचं कामच तसं. मी मोबाइल टॉवरच्या माणसांना घेऊन चंबळेकडच्या बीहडात जातो. बीहड म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळी, एकीतून दुसरीत शिरणाऱ्या. तिथल्या टॉवरची बॅटरी थंडीत बसते, जनरेटर धरत नाही, आणि रस्ता म्हणजे नुसती चिकण माती. वर धुकं एवढं की बोनेटचं टोक दिसत नाही. जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडला की चिखल आधी लागतो आणि दिसतो नंतर. तेव्हा खाली उतरून, बधिर बोटांनी, चिखलात गेलेल्या चाकाचा हब फिरवत बसायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. म्हणून आधीपासून लॉक. गरज पडली की आतूनच लिव्हर ओढायचा आणि निघायचं. वीस हिवाळे असे गेले आणि एक दातासुद्धा हलला नाही.

मग तो जानेवारी आला. भाऊजींना मित्रांना घेऊन दतिया आणि ओरछ्याला जायचं होतं, आणि जीपमधूनच जायचं होतं, कारण जीपमधले फोटो चांगले येतात. आबांनी किल्ली लगेच काढून दिली. मी गाडीपाशी जाऊन एवढंच म्हणालो, “भाऊजी, हब लॉक आहेत, ते असू द्या. फक्त या छोट्या लिव्हरला हात लावू नका.”

“मला शिकवतो?” भाऊजी मित्रांकडे बघून हसले. “अरे, टॉर्क मी शिकवतो मुलांना. तू आपला टॉवर सांभाळ.”

संध्याकाळी मी महाराज बाड्याच्या बाजारातून भाजी घेऊन घरी आलो तर गल्लीत ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॅक्टरच्या मागे दोरानं बांधलेली आमची जीप होती. शहरात शिरल्यावर पहिल्याच अरुंद वळणावर खाली कडाक्कन आवाज झाला होता आणि ती जागच्या जागी बसली होती. अंगणात खटला चालू झाला होता, म्हणजे खरं तर संपत आला होता. भाऊजी खुर्चीत, आबा समोर स्टुलावर. भाऊजींनी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर चाकांची आकृती काढली होती आणि बाण काढून आबांना समजावत होते.

“हे बघा आबा, हब लॉक म्हणजे पुढचा एक्सल फुल टाइम फिरतोय. घर्षण होतंय, हीट होतेय, महिनोन्महिने! लोखंड पण थकतं ना. मी तर नुसता चालवत होतो. आज नाही तर कल जाणारच होतं.”

चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही आकृतीसकट.

मी भाजीची पिशवी ठेवली आणि जीपमध्ये चढलो. छोटा लिव्हर ‘फोर’मध्ये होता. मी ओढून पाहिला. आतल्या पिळानं तो एवढा आवळला होता की दोन्ही हातांनी हलेना. ओरछ्यापर्यंत जाऊन येऊन सगळा डांबरी रस्ता यांनी ‘फोर’मध्ये पळवला होता. धुक्यात पकड चांगली राहते म्हणून, हे नंतर त्यांच्याच एका मित्राकडून कळलं.

“आबा, जरा इकडे या.”

आबा आले. मी लिव्हरकडे बोट दाखवलं. त्यांनी लिव्हरवर हात ठेवला. जन्मभर गाड्या चालवलेला हात तो, त्याला सांगावं काय लागणार होतं? त्यांनी एकदा ओढून पाहिलं आणि हात काढून घेतला. माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, यात मला आजही तिळभर शंका नाही. मग ते अंगणात परत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोराचीच चूक आहे. हब लॉक ठेवायला नको होते. चाबी दे इकडे.”

दुसरी किल्ली माझ्या खिशात होती. ती मी दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ याचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. पूर्ण गुण मिळाले होते. अर्थ त्या दिवशी कळला.

किला गेटच्या उस्तादानं ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटून देणारी ती पेटी, उघडली तेव्हा मी मुद्दाम आबांना शेजारी उभं केलं. उस्ताद तुटलेला दाता बोटावर घेऊन म्हणाला, “भैया, हब का इसमें क्या दोष? ये तो किसी ने सूखे रोड पे फोर में दौड़ाया है.” आबा म्हणाले, “तुम बस बना दो.” आणि दुसरीकडे बघू लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण ओठ माझा होता आणि दात कोणाचे होते ते सगळ्यांना माहीत होतं.

जीप दुरुस्त होऊन आली. आबांनी दोन्ही किल्ल्या आपल्या बंडीच्या खिशात ठेवल्या. हब त्यांनी मला फ्री करायला लावले, भाऊजींच्या देखत, भर हिवाळ्यात. स्वतःचा नियम स्वतः मोडताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं, आणि तरी मला त्यांची कीव आली नाही. मी दुसऱ्याची पिकअप घेऊन बीहडात जाऊ लागलो. तिची फक्त मागची चाकं ओढायची. एकदा तिला काढायला गावातल्या म्हशी जुंपाव्या लागल्या. टॉवरची माणसं विचारायची, तुमची जीप कुठे गेली? काय सांगणार? घरात बायको म्हणायची, “एवढा राग कशाला धरून बसलात? जीपला तरी न्यूट्रल आहे, तुम्हाला ते पण नाही.”

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. पण भाऊजींना गोष्ट सापडली होती. गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या मुंजीत, चार माणसं जमली की ती सुरू व्हायची: “आमचे मेहुणे, हब लॉक करून चार महिने झोपले!” आणि पाठोपाठ टॉर्क, घर्षण, हीट. लोक हसायचे. मग लोकांनी मला ‘हबवाले’ म्हणायला सुरुवात केली. “काय हबवाले, आज फ्री का?” ज्याच्या हातात आयुष्यभर स्टिअरिंग, त्याला गाडी समजत नाही असं गावभर झालं. आणि आबा तिथंच बसलेले असायचे, पानाच्या डब्यात सुपारी शोधत.

तेव्हा मी ठरवलं, भाऊजींच्या तोंडून, आबांच्या कानांवर, चारचौघांत हे सत्य जाईल. मला किल्ली तर हवी होतीच. पण त्याहून जास्त मला त्यांचं तोंड उघडलेलं बघायचं होतं. नाक दाबल्याशिवाय ते उघडणार नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात भाऊजींच्या कोचिंगचे डायरेक्टर आणि त्यांचे दिल्लीचे दोन पाहुणे चंबळेचे पक्षी बघायला निघाले. भाऊजींनी पुढाकार घेतला: आमची फोर व्हील आहे ना, थेट नदीच्या वाळूपर्यंत नेतो. वाट मला ठाऊक म्हणून मला बरोबर घेतलं. “तू मागे बस आणि चहा-नाश्त्याचं बघ.” मी बघतो म्हणालो. दोन दिवस आधी मावठा पडला होता. इतका आज्ञाधारक मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

निघताना आबा दारात उभे होते. भाऊजींनी पाहुण्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हब फ्री आहेत ना रे?”

“हो भाऊजी. दोन्ही फ्री. तुम्ही सांगितलंय ना, लॉक करायचे नाहीत.”

आबांनी माझ्याकडे चटकन पाहिलं. मावठा त्यांनाही माहीत होता आणि नदीची वाटही. तोंड उघडलं असतं तर ते सांगू शकले असते. पण जावयाला पाहुण्यांसमोर चूक दाखवायची नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी हात वर करून निरोप दिला.

मुरैना मागे टाकून आम्ही डांबर सोडलं. धुकं उठत होतं. शेवटच्या घळीच्या तोंडाशी मी म्हणू शकलो असतो, थांबा, उतरून हब लॉक करतो. दोन मिनिटांचं काम. मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

उतार संपला तिथं ओली चिकण माती होती, आणि जीप तिच्यात मऊपणे बसली. भाऊजींनी ऐटीत छोटा लिव्हर ‘फोर’मध्ये ओढला. “आता बघा मजा,” ते डायरेक्टरांना म्हणाले. मजा सुरू झाली. मागचं एक चाक गरगर फिरलं, चिखल मागे उडाला आणि जीप एक वीत खाली गेली. पुढची चाकं देवळातल्या नंदीसारखी स्वस्थ. भाऊजींनी पुन्हा रेस दिली. अजून एक वीत. मग उलटा गिअर, मग पुन्हा पुढचा. पाहुणे उतरले. एकानं हसत हसत मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. भाऊजी त्यांना सांगत होते, घर्षणाचा गुणांक कमी झालाय, त्यामुळे असं होतं. मी कपांत चहा ओतला आणि सगळ्यांना दिला. भाऊजींना साखर जास्त लागते, तीही आठवणीनं घातली.

अर्ध्या तासानं ते माझ्याजवळ आले. बूट घोट्यापर्यंत चिखलात. आवाज खाली आणून म्हणाले, “अरे, देख ना जरा. पुढची चाकं का नाही फिरत आहेत?”

“हब फ्री आहेत भाऊजी. फ्री असले की फिरत नाहीत. लॉक केले की फिरतात.”

“मग कर ना लॉक!”

“कसे करू? लॉक केले की दाते जातात ना? घर्षण, हीट. तुम्हीच तर सांगितलंय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. कोचिंगमध्ये मुलं त्यांच्याकडे अशी बघत असतील, काही न समजून. मग त्यांना समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते समजताना मला दिसलं, आणि वर्षभरात मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

“काय पाहिजे तुला?”

“आबांना फोन लावा. स्पीकरवर. गाडी कोणी तोडली ते सांगा. मग मी हब लॉक करतो.”

“वेडा झालास? सर उभे आहेत इथं.”

“म्हणून तर.”

समोरच्या टेकाडावर माझाच टॉवर होता, रेंजची काळजी नव्हती. डायरेक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, “क्या हुआ सर, निकलेगी कि नहीं?” भाऊजींनी फोन काढला. पाहुण्याचा व्हिडिओ चालूच होता, त्याला मराठी कळत नव्हतं, पण तमाशा कळायला भाषा कशाला लागते?

“आबा, नमस्कार. हो, पोचलो. एक सांगायचं होतं. ते मागच्या वर्षी… गाडीचं. लिव्हर मीच फोरमध्ये टाकला होता. पूर्ण रस्ता. हबचं काही नव्हतं त्यात. चूक माझी होती.”

पलीकडून आबांचा आवाज आला, अगदी साधा, पाहुण्याला पाणी विचारावं तसा.

“अहो जावईबापू, काय बोलताय! लिव्हर तर मीच टाकून ठेवला होता सकाळी फोरमध्ये. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. म्हातारा झालो. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. पोरगा आहे ना तिथं? त्याला म्हणावं, सगळ्यांना नीट घेऊन ये.”

फोन बंद झाला. भाऊजींनी डोळे पुसले की चिखल पुसला, मला पर्वा नव्हती. माझ्या हातातला घास आबांनी साठ किलोमीटरवरून काढून घेतला होता. एका वाक्यात. खोट्या वाक्यात.

शब्द दिला होता म्हणून मी डावा हब लॉक केला. उजवा भाऊजींना करायला लावला, कारण एकानं भागत नाही आणि मला घाई नव्हती. ते गुडघ्यांवर बसले, हातांनी चिखल उपसला, चकती शोधून फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात बाहेर आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओवाल्याला माझा नंबर दिला आणि म्हणालो, “हमें भी भेजिएगा.”

आता जे सांगतो ते कोणी मला विचारलेलं नाही, मीच सांगतो आहे. घरी आल्यावर मी तो व्हिडिओ मोबाइलवर कापला. भाऊजी म्हणतात ‘चूक माझी होती’, तिथपर्यंत ठेवला. आबांचं बोलणं सगळं काढून टाकलं. त्याच्या पुढे हब फिरवणारे, गुडघ्यांवर बसलेले भाऊजी जोडले. आणि आमच्या समाजाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘हबवाल्यांकडून सप्रेम.’

त्या ग्रुपवर सगळं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरातली आमची जुनी वस्ती, आहे, इंदूरचे आहेत, पुण्याला गेलेले आहेत. दुसऱ्या दिवशी बाड्यावर लोक मला थांबवून पाठीवर थाप मारत होते. चार दिवसांत व्हिडिओ कोचिंगच्या मुलांपर्यंत गेला. भाऊजी वर्गात गेले तर फळ्यावर कोणीतरी मोठी चकती काढून ठेवली होती, एका बाजूला लॉक, दुसऱ्या बाजूला फ्री. हे मला कळलं तेव्हा मी जेवत होतो. मी अजून एक पोळी मागून घेतली. मला वाईट वाटलं असं लिहिलं असतं तर हे लिखाण बरं दिसलं असतं, पण मला वाईट वाटलं नव्हतं.

ताई दर रविवारी सकाळी यायची. भाऊजी तिला गल्लीच्या तोंडाशी सोडायचे आणि दुपारी न्यायला यायचे. ती आबांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून ठेवायची, उन्हात बसवून त्यांची नखं कापायची, डोक्याला तेल लावायची. माझ्या बायकोनं करते म्हटलं तरी आबा तिला करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, येईल ना ती रविवारी.

त्या रविवारी ती आली नाही. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले. ऊन सरकलं तशी त्यांनी खुर्ची दोनदा सरकवली. पुढच्या रविवारीही आली नाही. ताईला फोन लावला तर भाऊजींनी उचलला आणि ठेवून दिला. तिसऱ्या रविवारी दुपारी आबांनी मला हाक मारली. बंडीच्या खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

“घे.”

मी घेतल्या नाहीत. इतके दिवस ज्या हव्या होत्या त्या समोर असताना हात पुढे झाला नाही.

“लिव्हर फोरमध्ये होता, ते मला त्याच दिवशी समजलं होतं,” आबा म्हणाले. “तुला काय वाटलं, मला गाडी नाही समजत? त्यांच्या घरात मोठी सून आहे ना, ताईची जाऊ. तिच्या भावानं एकदा तिच्या सासरच्यांना चारचौघांत काहीतरी सुनावलं. बस, खतम. तिचं माहेर सुटलं ते सुटलंच. बाप गेला तेव्हा पण पाठवली नाही. हे मला लग्नाच्या वेळीच माहीत होतं. आता ताईला त्या घरात राहायचं आहे. तू कुठं जातोस? तू इथंच आहेस. तुला मी काही पण बोलू शकतो.”

“मग मला सांगायचं होतं ना!”

“सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो.

“चाबी देऊन मी तिचे रविवार ठेवले होते,” आबा म्हणाले. “आता रविवारच नाहीत. ठेवून काय करू? घे.”

त्यांनी किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या आणि खुर्ची उचलून आत नेली. मी उठून मदत करायला गेलो तर म्हणाले, राहू दे.

त्याच दुपारी मी जीप काढली. आधी दोन्ही हब लॉक केले. हिवाळा होता आणि नियम आबांचा होता. मग ताईच्या घरी गेलो. मनात पश्चात्ताप नव्हता, संताप होता. वाटेत मी भाऊजींना काय काय बोलायचं ते जुळवत होतो: माणसानं माणसाशी भांडावं, बाईला मध्ये घालणाऱ्याला शिकलेला म्हणत नाहीत. वाक्य चांगलं जमलं होतं.

दार ताईनं उघडलं, अर्धंच. आत टीव्ही चालू होता. भाऊजींचे पाय दिसत होते, तिपाईवर ठेवलेले.

“चल,” मी म्हणालो. “आबा वाट बघतायत. गाडी आणलीये. भाऊजींनी तुला अडवलंय ना? बाजूला हो, मी बोलतो त्यांच्याशी.”

“ते कशाला अडवतील?” ताई म्हणाली. “मला म्हणाले, तुला जायचं तर जा. रोज म्हणतात. त्यानंतर घरात आठ-आठ दिवस एक शब्द बोलत नाहीत. मुलाशी पण नाही. तुला बोलायचंय त्यांच्याशी? अजून काही राहिलंय बोलायचं?”

तिनं माझ्या खांद्यावरून बाहेर जीपकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. मी ती खिशात टाकली. ताई लहानपणी माझ्यावर रागावली की ओरडायची. त्या दिवशी तिचा आवाज अगदी हळू होता.

“आबांची नखं तू काप आता. आधी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेव, थंडीत फार कडक होतात. डाव्या अंगठ्याला जपून. तिथं आत वाढतं, त्यांना दुखतं, पण ते सांगत नाहीत.”

एवढं सांगून तिनं दार लावून घेतलं.